पैलवानाची मनधरणी

हॅमस्टर आमच्या घरात आला तो मुलाच्या हट्टापायी आणि टिकला तो माझ्या झोपेचं खोबरं झाल्यामुळे. पन्नाशी जवळ आली की बाईची झोप नेमकी कुठे जाते, हे कुठलाही डॉक्टर नीट सांगत नाही. ‘वय आहे’ म्हणतात आणि पुढच्या पेशंटला बोलावतात. तर मी रात्री साडेबाराला टक्क जागी. हॅमस्टर हा मुळातच निशाचर, त्यामुळे तोही जागा. घरातले बाकीचे तिघं गाढ झोपलेले. उरलेल्या दोघांची ओळख व्हायला हरकत नव्हती. पण समोरचा आपल्याला पाहताक्षणी आपल्या लाकडी घरात शिरून थरथरायला लागला, तर पुढे बोलायचं काय?

मुलाचं दहावीचं वर्ष होतं. ‘घरात प्राणी असला की अभ्यासाचा ताण कमी होतो’ हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. कुत्र्याला नवऱ्याचा विरोध, मांजराला सासूबाईंचा. होता होता तडजोड तळहाताएवढ्या सोनेरी हॅमस्टरवर झाली. दुकानातून घरी येईपर्यंत त्याने डब्याचा कोपरा सोडला नाही, म्हणून मुलानेच त्याचं नाव ‘पैलवान’ ठेवलं. मुलाचा ताण कमी झाला की नाही ते गुणपत्रिकेवरून काही कळलं नाही. शिवाय सकाळी शाळा, संध्याकाळी क्लास, रात्री दहाला आडवा, अशा मुलाच्या आयुष्यात निशाचर प्राण्याला जागा नव्हतीच. पैलवान आपोआप माझ्या पदरात पडला.

सासूबाईंनी त्याला पाहिल्या पाहिल्या हात जोडले.

“आई, हा उंदीर नाही हो. हॅमस्टर आहे.”

“मग त्याचं शेपूट कोणी कापलं?”

शेपूट जन्मतःच तेवढंसं असतं, हे त्यांना आजही पटलेलं नाही. गरिबावर कोणीतरी अन्याय केला आहे आणि आपण सगळे ते लपवतोय, अशी त्यांची समजूत आहे. त्या भरपाईदाखल त्या रोज देवापुढचा गूळखोबऱ्याचा नैवेद्य त्याच्या पिंजऱ्यात सरकवायला जातात आणि मी तो वाटेत पकडते. गोड त्याला चालत नाही. थंडीत त्यांनी फुलवातींसाठी पिंजलेला कापूसही आणून दिला, बिचाऱ्याला गादी म्हणून. तोही परत करावा लागला, कारण कापसाचे तंतू त्याच्या पायांत अडकतात आणि पोटात गेले तर आतडं तुंबतं. त्याला फाडलेला साधा टिश्यू पेपरच बरा. “एवढे लाड करता आणि कागदावर निजवता?” असं म्हणून त्या दोन दिवस माझ्याशी बेताचंच बोलत होत्या.

नवीन हॅमस्टरला सुरुवातीचे काही दिवस कोणी हात लावायचा नाही, निवांत राहू द्यायचं, असं सगळे जाणकार सांगतात. आमच्या सोसायटीत नवीन फ्रिज आला तरी चार जण बघायला येतात. पैलवानाला पाहायला पेपरवाला आला, इस्त्रीवाला आला, वरच्या मजल्यावरची मुलं तर शाळेची सहल असल्यासारखी रांगेत आली. शेजारच्या काकूंनी पिंजऱ्यावर टिचक्या मारून “शुक शुक” केलं आणि निदान केलं, “एकटा पडलाय हो. जोडीदारीण आणा.”

मी सांगितलं, की या जातीचे मोठे हॅमस्टर एकेकटेच राहतात. एका पिंजऱ्यात दोघांना ठेवलं तर भांडून एकमेकांचा जीवही घेतात. आणि चुकून भांडले नाहीतच, तर सोळा दिवसांत पिल्लं. काकूंच्या घरी लग्नाचा मुलगा आहे. ‘एकटं राहणं हाच त्याचा स्वभाव’ हे वाक्य त्यांनी फार मनाला लावून घेतलं आणि विषय बदलला.

पैलवानाला ‘भित्रट’ म्हटलेलं मला आता खपत नाही. मोकळ्या रानात त्याच्या जातीच्या जिवाला वरून जे काही येतं ते घुबड असतं, आणि आपण सगळे त्याला उचलायला हात वरूनच घालतो. त्यात त्याची नजर अधू. समोर बसलेला ढिगारा म्हणजे रोज दाणे देणारी बाई, हे त्याला वासावरून ओळखायचं असतं. अशा परिस्थितीत न घाबरणारा हॅमस्टर हा शूर नसतो, मंद असतो.

म्हणून हात खालून, बाजूने, तळवा उताणा ठेवून, त्यावर सूर्यफुलाची एक बी, आणि मग वाट पाहायची. ही वाट कशी पाहतात ते बँकेत काउंटरवर बसून मी शिकले आहे. दुसऱ्या दिवशी तो यायचा नाही. तिसऱ्या दिवशी नाक दिसायचं. मग कधीतरी मागचे दोन पाय घरातच घट्ट रोवून, अंग दुप्पट लांब ताणून, त्याने पुढचे दोन पाय माझ्या करंगळीवर ठेवले. पुढच्या पंजाला चारच बोटं, गुलाबी आणि थंडगार. मिशा इतक्या वेगाने हलत होत्या, की त्या दिसत नव्हत्या, नुसती थरथर दिसत होती. बी उचलली, फिरवली, टोकाकडून गालात सरकवली आणि तो उलट्या पावली आत गेला. मी रात्री दीड वाजता नवऱ्याला उठवून ही बातमी दिली. तो म्हणाला, “बरं,” आणि कूस बदलली.

त्या उत्साहात दुसऱ्याच दिवशी पहिली माशी शिंकली. दुपारी मी लसणाची चटणी कुटली होती. हात साबणाने धुतले होते, पण लसूण साबणाला जुमानत नाही. पैलवानाने ओळखीच्या जागी अनोळखी पदार्थ हुंगला आणि तो खाण्याचा आहे की नाही, हे करंगळी चावून ठरवलं. याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून तो सदैव काहीतरी कुरतडून त्यांना धार लावत असतो. त्या धारेचा लाभ मला झाला.

आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, “काय चावलं?”

“हॅमस्टर.”

“कोण?”

“पैलवान,” सोबत आलेल्या सासूबाईंनी खुलासा केला.

डॉक्टरांनी आळीपाळीने आमच्या दोघींकडे पाहिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि घरात सगळं ठीक आहे ना, असं फार हळू आवाजात विचारलं.

बोटाला पट्टी असताना रात्री मी या मंडळींचं घराणं वाचून काढलं. १९३० साली इस्राएल अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातल्या अलेप्पोजवळ एका शेतात खोल खणून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली आणि पिल्लं जेरुसलेमला नेली. तिथे त्यातल्या काहींनी पिंजऱ्याचा लाकडी तळ कुरतडून पोबारा केला. जी उरली त्यांच्यापासून प्रजा इतकी वाढली, की आज जगभर घराघरांतून चाकावर धावणारे जवळपास सगळे सोनेरी हॅमस्टर त्या एकाच बिळाचे वारस आहेत. म्हणजे आमचा पैलवान अलेप्पोचा. मूळ गाव सोडून नव्वदेक वर्षं झाली, तरी त्याच्या अंगातून ते शेत, ते बीळ, ते घुबड काही गेलेलं नाही. मी लगेच करंगळी माफ केली.

आता बाथरूमचं प्रकरण. व्हिडिओतल्या एका परदेशी मुलीचा सल्ला असा, की हॅमस्टरला घेऊन कोरड्या बाथटबमध्ये बसावं. त्याला पळता येत नाही, आपण हात पुढे करत नाही, कंटाळला की तो आपणहून अंगावर चढतो. कल्पना चांगली, पण आमच्याकडे टब कुठला? बादली, मग आणि पाट. मग अख्ख्या बाथरूमचाच टब केला. संध्याकाळपासून फरशी कोरडी ठेवायची, मोरीच्या जाळीवर फरशीचा तुकडा आणि त्यावर भरलेली बादली, कमोडचं झाकण बंद, दाराखालच्या फटीत पायपुसणं. मध्यभागी पाट आणि पाटावर गाऊनमधली मी.

आवाजाची सवय व्हावी म्हणून त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहायचं असतं. बोलणार काय? बँकेतल्या गोष्टी गोपनीय, घरातल्या त्याला माहीत. मी पाढे म्हणायला लागले. एकोणिसाच्या पाढ्याला पैलवान बादलीमागून बाहेर यायचा, भिंतीच्या कडेकडेने एक फेरी मारायचा (हे लोक खोलीच्या मधोमध कधी जात नाहीत), आणि पावकी-निमकी सुरू झाली की परत बादलीमागे. शाळेत माझंही तेच व्हायचं.

एका रात्री दारावर टकटक झाली.

“अगं, कोणाशी बोलतेस आत?” सासूबाई.

“पैलवानाशी.”

बाहेर बराच वेळ शांतता. मग, “मी दुसऱ्या बाथरूममध्ये जाते हो.”

पाच मिनिटांनी नवरा आला. त्याचं काम तातडीचं होतं, आणि दुसऱ्या बाथरूममध्ये आई. मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, थांबणं शक्य नाही. अखेर मी भिंतीकडे तोंड करून बसले, पैलवान बादलीमागे होता, आणि नवऱ्याने सगळं झाल्यावर सवयीने फ्लश दाबला. त्या बंद खोलीत तो आवाज मलाही कडा कोसळल्यासारखा वाटला. पैलवान सुटला तो थेट माझ्या मांडीवर, तिथून गाऊनच्या बाहीत, बाहीतून काखेत, आणि तिथेच थिजला. त्याचं काळीज माझ्या बरगड्यांवर धडधडत होतं. आपणहून माझ्या अंगावर येण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

“म्हणजे माझ्यामुळेच जमलं,” नवरा म्हणाला.

नवऱ्याचं श्रेय आठवडाभरसुद्धा टिकलं नाही, कारण पुढच्या सगळ्या रात्री पैलवानाने बादली सोडली नाही. दोन पावलं पुढे आणि साडेतीन मागे, हा हिशेब मी तेव्हापासून मान्य केला आहे.

बाथरूमपर्यंत पुन्हा जमतंय म्हणेपर्यंत आमच्या कामाच्या मावशींनी प्रेमाने अख्खा पिंजरा गुलाबाच्या फिनेलने धुऊन काढला. घरटं फेकलं, लपवलेले दाणे फेकले, चाक घासलं. हॅमस्टरच्या दृष्टीने ही घरफोडी. स्वतःचा वास असलेला थोडा तरी भुसा आणि कागद मागे ठेवायचा असतो, नाहीतर त्याला आपण कुठे आहोत हेच कळत नाही. पैलवान रात्रभर गज चावत राहिला. मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “ताई, एवढा चकाचक केला आणि त्याला बघा!” त्यांचा चेहरा इतका पडला होता, की मी त्यांनाच चहा करून दिला.

दिवाळीत ॲटमबाँब होतेच. उन्हाळ्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकला आणि वीज गेली, तेव्हा फुटक्या माठाची खापरं गार पाण्यात भिजवून, पुसून पिंजऱ्यात ठेवली. तो त्यांच्यावर पोट टेकून पसरला आणि मला जवळ येऊ दिलं, पण ते प्रेम नसून आळस असावा. मग एका रात्री पिंजऱ्याचं दार नीट लागलं नाही आणि पैलवान पसार. अलेप्पोचं रक्त! फ्रिजखाली, कपाटामागे, कुठेच नाही. अशा वेळी बादलीच्या तळाला कागद आणि दाणे घालायचे आणि बाहेरून चढायला पुस्तकांच्या पायऱ्या लावायच्या, म्हणजे वासावर तो चढतो आणि आत पडतो. दहावीच्या गाइडांचा आमच्या घरात झालेला हा एकमेव सदुपयोग. पहाटे पैलवान बादलीत बसला होता, दोन्ही गाल खांद्यांपर्यंत फुगलेले, सगळा माल आत. मी हात खाली सोडला. त्याने हुंगला. मग सावकाश, मागचे पायसुद्धा उचलून, सबंध देहानिशी तळव्यावर चढला आणि तिथे बसून मिशा पुसायला लागला. हालू नये म्हणून मी श्वास कोंडून बादलीत वाकून राहिले आणि पाठीत उसण भरली, ती अजून आहे.

तेव्हापासून तो बहुतेक रात्री हातावर येतो. बहुतेक. कुकरची शिट्टी झाली असेल, मी साबण बदलला असेल, किंवा काहीच कारण नसेल, तर येत नाही. मी पाढे म्हणते आणि परत येते.

आता मात्र जुलै लागलाय. आमचं घर नदीकाठी, आणि पुढच्या आठवड्यापासून पथकांचा ढोल-ताशांचा सराव सुरू होतोय. वेळ नेमकी संध्याकाळची, पैलवान डोळे चोळत उठतो तीच. गेल्या वर्षी तो गणपती होईपर्यंत घराबाहेर आला नव्हता. घरात फिरून, प्रत्येक भिंतीला कान लावून मी शोध घेतला. सगळ्यात कमी आवाज येतो तो आमच्या झोपायच्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला. पिंजरा तिथे हलवायचं ठरलं.

“पण रात्री तू घोरतोस,” मी नवऱ्याला म्हटलं. “त्याला त्याची सवय नाही.”

“मग मी कुठे झोपू?”

“हॉलमध्ये.”

“हॉलच्या खिडकीतून तर सगळे ढोल घरात येतात!”

“ते नऊला थांबतात,” सासूबाई म्हणाल्या. “तू कुठे थांबतोस?”