वगळलेल्या पदांचा हिशेब : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. टेलर श्रेणीवरच्या (म्हणजे एखादी किंमत अनंत पदांच्या बेरजेने मांडण्याच्या पद्धतीवरच्या) माझ्या लेखातील ‘त्रुटी, म्हणजे मोजक्या पदांची बेरीज आणि खरी किंमत यांतला फरक, नेहमी पहिल्या वगळलेल्या पदापेक्षा लहान असते’ हे वाक्य चुकीचे असल्याचे आपण दाखवून दिले आहे. शेषपदाच्या (वगळलेल्या सगळ्या पदांची एकत्रित किंमत सांगणाऱ्या) सूत्रातील बिंदू अज्ञात असल्याने ते सूत्र निरुपयोगी आहे आणि संगणकाच्या काळात त्रुटी मोजत बसण्यापेक्षा भरपूर पदे घेणे सोपे, असेही आपले म्हणणे आहे. पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, उरलेले दोन नाहीत.

चूक ‘नेहमी’ या शब्दात आहे. पदे आलटून-पालटून धन व ऋण असतील आणि त्यांची किंमत सतत कमी होत शून्याकडे जात असेल, तर तो नियम नक्की लागू पडतो. मी उदाहरण साइनचे घेतले होते : ०.५ रेडियनसाठी तीन पदांची बेरीज ०.४७९४२७१ येते, खरी किंमत ०.४७९४२५५ आहे, आणि फरक चौथ्या पदाच्या, म्हणजे ०.०००००१५५ च्या, किंचित आत राहतो. एवढ्यावरून मी सरसकट विधान केले. आपण दिलेल्या ‘ई’च्या (२.७१८२८… या संख्येच्या) उदाहरणात मात्र सगळीच पदे धन आहेत. १ + १ + १/२ + १/६ + १/२४ ही बेरीज २.७०८३३ भरते, पुढचे पद १/१२० म्हणजे ०.००८३३ आहे, आणि प्रत्यक्ष त्रुटी ०.००९९५ निघते. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता शेषपदाविषयी. येथे ते ‘ई’चा अज्ञात घात भागिले ५! (५×४×३×२×१, म्हणजे १२०) असे आहे आणि तो घात ० व १ यांच्या दरम्यान कोठेतरी आहे. तो नेमका कोठे आहे हे कळण्याची गरजच नसते. अंश जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकेल एवढे कळले की काम भागते. ‘ई’ काढण्यासाठी ‘ई’च वापरणे हे चक्राकार आहे, ही आपली शंका मात्र रास्त आहे. (आम्ही कॉलेजात ‘ई तीनपेक्षा लहान’ असे बिनदिक्कत लिहीत असू आणि तपासणाऱ्यांनीही कधी कारण विचारले नाही.) परंतु १/३! हे १/४ पेक्षा लहान, १/४! हे १/८ पेक्षा लहान, असे पुढे जात राहिले की संपूर्ण श्रेणी १ + १ + १/२ + १/४ + १/८ + … हिच्यापेक्षा, म्हणजे ३ पेक्षा, लहान ठरते. त्यामुळे त्रुटी ३/१२० म्हणजे ०.०२५ च्या आत आहे. हा अंदाज ढोबळ आहे, पण वगळलेल्या पदांत प्रत्येक पद आधीच्या पदाच्या फार तर एकषष्ठांश असते हे लक्षात घेऊन त्यांची तुलना भूमिती श्रेढीशी (जिच्यात प्रत्येक पद आधीच्या पदाच्या ठरावीक पट असते) केली, तर मर्यादा १/१२० गुणिले ६/५, म्हणजे नेमकी ०.०१ येते. ०.००९९५ साठी याहून जवळची मर्यादा कोणी मागू नये!

‘भरपूर पदे घ्या’ या सल्ल्यासाठी २ चा नैसर्गिक (‘ई’ पाया असलेला) लॉगरिदम पाहावा. १ − १/२ + १/३ − … या श्रेणीची हजार पदे घेतली, तरी सुमारे ०.०००५ एवढी त्रुटी उरते. तोच लॉगरिदम १/३ च्या विषम घातांनी मांडला, म्हणजे १/३, १/८१, १/१२१५ आणि १/१५३०९ या चारच पदांची बेरीज करून ती दुप्पट केली, तर ०.६९३१३४८ मिळते आणि त्रुटी ०.००००१२४ वर येते. पदे किती घ्यायची यापेक्षा कोणत्या श्रेणीची घ्यायची हा प्रश्न आधीचा आहे, आणि तो त्रुटीचा अंदाज बांधल्याशिवाय सुटत नाही. शिवाय येथेही पहिले वगळलेले पद, दुप्पट धरून, ०.००००११३ आहे, म्हणजे खऱ्या त्रुटीपेक्षा लहानच. भूमिती श्रेढीने काढलेली मर्यादा ०.००००१२७ येते. माझ्या जुन्या वाक्यावर विसंबलो असतो, तर येथेही फसलो असतो.