डोंगल म्हणे मी सीडी

गल्ली खणताना कुणीतरी फायबर तोडली, चार दिवस नेट नाही, म्हणून चौकातल्या मोबाईलवाल्याकडनं ४जी डोंगल आणलं. माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, तेही मोजकीच सॉफ्टवेअरं टाकून. डोंगल खोचलं तर नेट नाहीच, वर स्क्रीनवर सीडीचं चित्र! परत दुकानात गेलो आणि तिथे खरं बोललो, हीच चूक.

"अहो, हे स्वतःला सीडी म्हणवतंय."

"सीडी मी दिलीच नाही तुम्हाला. बिल बघा, डोंगलच लिहिलंय."

"डोंगलच आहे हो, पण लॅपटॉपला सांगतंय की..."

तेवढ्यात टेम्पर्ड ग्लास लावून घ्यायला आलेले एक काका मध्ये पडले. "सीडी चालते यात? आमच्या लग्नाची पडून आहे, पोरगं म्हणतं लावायला काही नाही." आणि चष्मा कपाळावर सारून ते डोंगल उलटसुलट करत सीडी घालायची फट शोधायला लागले.

"विंडोज आहे ना?" दुकानदार.

"नाही, लिनक्स."

"म्हणजे लोकल. फॉरमॅट मारून ओरिजनल टाकून देतो, ५०० रुपये."

ओरिजनल! ५०० रुपयांत! काकांनी मान डोलावली, "टाकून घ्या, लोकल कशाला वापरता."

भानगड अशी की कंपनी डोंगलातच खोटी सीडी करून त्यात विंडोजचा ड्रायव्हर कोंबते, तो इन्स्टॉल झाला की डोंगलला सांगतो, आता मोडेम हो. लिनक्सवर हेच काम यूएसबी मोडस्विच नावाचं छोटंसं सॉफ्टवेअर करतं, आणि तेच नेमकं माझ्याकडे नव्हतं. ते उतरवायला नेट पाहिजे. शेवटी बायकोच्या मोबाईलचा हॉटस्पॉट घेतला (मग त्याच्यावरच का नाही चालवत, असं ती एकदाच म्हणाली). आणि राग कशाचा, तर असल्या कित्येक ४जी डोंगलांच्या पोटात लिनक्सच चालतं. फुकटचं लिनक्स वापरून माल विकायचा आणि खोक्यावर फक्त विंडोजचं चित्र. आम्ही काय कमी पैसे देतो का?

रात्री एकला दिवा हिरवा झाला. लगेच सिस्टिमने अपडेट मागितले, मी झोपेत हो म्हटलं, आणि मेसेज आला, आजचा डेटा संपला.

सकाळी भाजी घेताना काका भेटले. "लागली का सीडी?"

"लागली."

"मग थांबा, आमची घेऊन येतो."