डोलकाठी आडवी घालून कालव्यात? हो, जाणारच

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. होडी हिवाळ्यासाठी बंद करण्याबद्दलच्या लेखातल्या दोन गोष्टी तुम्हाला खटकल्या. जमिनीवरच ठेवायच्या होडीचे इतके लाड कशाला, ताडपत्री टाकली की झालं. आणि डोलकाठी आडवी घालून कालव्यातून इंजिनवर जायचं, त्यात कौशल्य ते काय, आणि मग शिडाची होडी बाळगायचीच कशाला? तुमचं उभं आयुष्य बोटीवर गेलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या मालवणला पावसाआधी होड्या वर ओढून झापांनी शाकारतात. तिथे भीती बाहेरच्या पाण्याची. इथे अमेरिकेत ऑन्टारिओ सरोवराकाठी, ऑस्वेगो गावात, भीती आत राहिलेल्या पाण्याची. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि जागा नसेल तर धातू फोडून ती करतं. पहिल्या वर्षी मी नळी थेट पंपाला जोडून इंजिनात गुलाबी अँटिफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रव) फिरवलं, एक्झॉस्टमधून गुलाबी धार आलेली पाहिली आणि निर्धास्त झाले. पंपाच्या अलीकडची, बाहेरून येणारं पाणी गाळणारी गाळणी मात्र सरोवराच्या पाण्याने भरलेलीच राहिली. मे महिन्यात होडी उतरवून पाणी आत घेणारी झडप उघडली, तर गाळणीच्या भांड्याला केसाएवढी चीर आणि पाणी धारेने आत. हात झडपेवरच होता म्हणून निभावलं. तेव्हापासून गाळणी काढून, पुसून घरी आणते.

ताडपत्री मीही घालते, पण सरोवरावरून येणारा इथला बर्फ थोडाथोडका नसतो. सपाट ताडपत्रीत तो साचतो. म्हणून डोलकाठी उतरवून तिचंच आढं करते आणि दोन्ही बाजूंना उतार ठेवते. म्हणजे दर हिवाळ्यात डोलकाठी तशीही आडवीच असते. यंदा मेमध्ये ती उभी न करता, आधारांवर बांधून, तशीच निघायचा विचार आहे.

कारण ऑस्वेगो कालवा आमच्या दारातूनच सुरू होतो. सात लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून होडी वर-खाली नेणारे दारं असलेले हौद, चढले की एरी कालवा लागतो. तिथून पूर्वेला हडसन नदीपर्यंत पुलांखाली २१ फूट उंची मिळते, आणि माझी डोलकाठी पाण्यापासून ३८ फूट आहे. १८२५ साली एरी कालवा खुला झाला तेव्हा बोटी खेचरं ओढत असत. शिडाचा मान इथे कधी नव्हताच. पण कौशल्य लागत नाही, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. लिटल फॉल्सला एकाच लॉकमध्ये ४० फूट खाली उतरायचं, दोर ढिला सोडत, होडीच्या पुढेमागे आलेली डोलकाठीची टोकं भिंतीपासून जपत. मग वर उचललेल्या दारातून ठिबकणारं पाणी अंगावर घेत बाहेर पडायचं. वॉटरफर्डला तर लागोपाठ पाच लॉक.

वाटेतल्या वनायडा सरोवराबद्दल तुम्ही सावध केलंत, ते मात्र शंभर टक्के मान्य. ते उथळ आहे, वारा पडला नसेल तर आखूड, उभ्या लाटा उठतात आणि आडव्या डोलकाठीची बांधणी हलते. पहाटेच ओलांडेन, नाहीतर थांबेन.

मोटरबोट का नको, तर मला कालव्याच्या पलीकडे जायचंय. ट्रॉयच्या लॉकखाली हडसनला भरती-ओहोटी लागते. बारा वर्षं सरोवरावर काढली, तिथे ती जाणवतच नाही. पुढे कॅट्सकिलला क्रेनने डोलकाठी उभी करून घेईन आणि ओहोटी सुरू झाली की शीड चढवेन.