बीडीडी चाळींतील रहिवाशांना खरोखरच 'फुकट' घरे मिळाली का?

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो: करदात्यांच्या पैशातून या लोकांना 500 चौरस फुटांची घरे फुकट मिळत आहेत, आणि त्या कोंदट चाळींत जपण्यासारखे काही नव्हतेच.

आधी पैशाचे पाहू. 1920च्या दशकात मुंबई विकास खात्याने (इंग्रजी आद्याक्षरांत बीडीडी) या चाळी बांधल्या, तेव्हा खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसावर जकात बसवली होती. म्हणजे ज्या कापसाचे सूत गिरणी कामगार काढत होते, त्याच कापसावर त्यांच्या खोल्यांचा भार होता. पुढे रहिवाशांनी पिढ्यान्‌पिढ्या सरकारला भाडे भरले. आजचा बांधकामखर्चही त्याच जमिनीवरील विक्रीच्या घरांतून काढण्याची म्हाडाची योजना आहे. याला खैरात म्हणणे हा हिशेबाचा विपर्यास आहे.

जागेच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. 160 चौरस फुटांची खोली, मजल्यावर वीस बिऱ्हाडे आणि सामाईक संडास कोणी हौसेने सोसले नाहीत. पण तेवढ्यावरून तिथे संस्कृती नव्हती असे म्हणणाऱ्यांनी गावकीची खोली पाहिलेली नसावी. एकाच गावचे गडी तिथे राहत, भिंतीलगत एकावर एक ट्रंका रचलेल्या असत, आणि रात्रपाळीचा माणूस परतेपर्यंत दिवसपाळीवाल्याने आपली वळकटी गुंडाळून त्याला जागा करून दिलेली असे. जेवण खानावळवाल्या बाईकडे, हिशेब पगाराच्या दिवशी. गावच्या देवळाची वर्गणी असो की कुणाच्या आजारपणाची उसनवारी, निर्णय याच खोलीतल्या बैठकीत होई. गिरणगावातील अशा खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. परळची बीआयटी चाळही सार्वजनिक संस्थेनेच, म्हणजे मुंबई सुधार ट्रस्टनेच बांधलेली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे दोन खोल्यांत सुमारे दोन दशके राहिले, आणि 1927चा महाडचा सत्याग्रह त्याच काळातला.

या चाळींत सारे गोडीगुलाबीने नांदत होते, असा माझा दावा नाही. 1974ची वरळीची दलित-सवर्ण दंगल याच आवारात झाली, आणि जातींची विभागणी इथल्या इमारतींतही होती. तरीही त्याच आवारात आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका, गणेशोत्सव आणि कबड्डीचे सामने लोकांनी स्वतःच्या वर्गणीतून उभे केले.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतील पहिल्या कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या घरांवर त्यांचा हक्कच आहे. आणि मैदान, सभागृह व मंडळांची जागा यांवरही तितकाच आहे.