क्लचच्या वायरी कायमच्या जोडू नका

मॅन्युअल गाडीला रिमोट स्टार्टर (दुरूनच बटण दाबून इंजिन सुरू करणारं युनिट) बसवताना क्लच स्विचच्या (क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू न देणारा स्विच) दोन वायरी एकमेकींना जोडून टाका, असं एका लेखात म्हटलंय. कृपा करून हे करू नका. मग गिअरमध्ये असताना नुसती किल्ली फिरवली तरी स्टार्टर फिरतो आणि गाडी पुढे उसळते. त्याऐवजी रिले (विजेवर चालणारा स्विच) लावा. क्लचचं सर्किट फक्त रिमोटने सुरू करतानाच जुळलं पाहिजे. आधी मल्टिमीटर लावून बघा, पेडल दाबल्यावर वायरवर १२ व्होल्ट येतात की अर्थ (अर्थिंग, म्हणजे ग्राउंड) मिळतो. रिलेची जोडणी त्यावर ठरते.

खरा जीव ‘रेडी मोड’मध्ये आहे, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये ठेवूनच उतरलात याची खात्री झाल्यावरच रिमोटने सुरू होऊ देणाऱ्या सोयीत, आणि त्या लेखात त्याचा उल्लेखच नाही. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. युनिट सेट करून किल्ली काढायची (इंजिन चालूच राहतं), उतरून दारं लावायची, मग युनिटच इंजिन बंद करतं. गाडी गिअरमध्ये राहिली नाही याची खात्री तिथे होते. नंतर एकही दार उघडलं की मोड रद्द व्हायलाच हवा. पण बरेच फिटर फक्त ड्रायव्हरच्या दाराची वायर घेतात! मागची दारं, डिकी एकेक उघडून तपासून घ्या. सिग्नल केबिनच्या दिव्यावरून घेतला असेल तर दिवा सावकाश विझेपर्यंत युनिटला दार उघडंच वाटतं आणि मोड लागत नाही. उघड्या काचेतून कुणी हात घालून गिअर टाकला तर मात्र युनिटला पत्ता लागत नाही. काचा बंदच ठेवा. हँडब्रेक ढिला असेल तर आधी तो घट्ट करून घ्या.