'ओसाड माळावर झाडं लावा' म्हणणाऱ्यांना उत्तर

पावसाळा जवळ आला की सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्यातला मजकूर असा: माळ ओसाड पडलाय, दोन महिने गवत आणि बाकी धूळ. गवत साफ करा, झाडं लावा, नाहीतर सोलर बसवा. पाऊस वाढेल. इथे कुठे कासची फुलं आहेत जपायला?

आधी 'ओसाड'. सरकारी नकाशेसुद्धा झुडपी माळाला पडीक जमिनीत मोजतात, त्यामुळे एकट्या मेसेजवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. पण १९७९ साली सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य जाहीर झालं ते याच जमिनीवर, माळढोक या मोठ्या पक्ष्यासाठी. लांडगा, खोकड, काळवीट, धाविक पक्षी यांना असाच उघडा माळ लागतो. माळढोक जमिनीवरच अंडं घालतो, सहसा एकच. जवळ उंच झाड आलं की शिकारी पक्ष्याला बसायला फांदी मिळते.

पाऊस? सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे; माळावर चार हजार रोपं लावून ते बदलत नाही. मुरमाड, उथळ जमिनीत टँकरच्या पाण्यावर जगतं ते बहुधा गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परदेशी झाड. आणि त्याच्या सावलीत पवन्या, मारवेल ही उन्हाची गवतं विरळ होत जातात. त्यात गवताळ माळाचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, वणव्यातही तो बराच टिकतो. झाडं लावायला चर खणताना आपण नेमका तोच उकरतो.

आता फुलं. साताऱ्याजवळच्या कासचा जांभ्याचा सडा (खडकाळ पठार) आणि आपला मुरमाचा माळ यांची बरोबरी होणार नाही, करूही नये. आपल्याकडे विष्णुक्रांतेची निळी टिकली, खुळखुळा, कुर्डू, तरवड, कळलावी. रानकांदा तर पानं यायच्या आधी नुसता दांडा काढून फुलतो, तेव्हा माळ खरंच ओसाड वाटत असतो! वर्षातला बराच काळ यातली बरीच मंडळी कंदात किंवा बियांत असतात, म्हणून 'काही नाही' असं दिसतं. कासच्या जमिनीवरच्या ऑर्किडचंही तेच: बी धुळीइतकं बारीक, आत अन्नसाठा नाही, रुजायला मातीतल्या बुरशीची साथ लागते. कास असो की नान्नज, जेसीबीने वरचा थर उलटला की नर्सरीतून तो परत आणता येत नाही.

गवत कापण्याला माझा विरोध नाही. बी झडल्यावर, दिवाळीच्या सुमाराला कापलं तर चारा मिळतो आणि माळही राहतो. श्रावण-भाद्रपदात ब्रशकटर फिरवला तर बी धरायच्या आतच फुलं जातात, जमिनीवरची घरटीही चिरडतात. मेंढपाळांची अडचण मात्र खरी आहे: कुसळी (एक गवत) पिकली की तिची कुसळं मेंढ्यांच्या तोंडात रुततात, म्हणून त्यांना ती लवकर कापलेली हवी असते. यावर माळाचे पट्टे पाडून आलटून पालटून कापणी करता येते. वणव्याची भीती असेल तर कडेने जाळरेषा (आग अडवणारा गवत काढलेला पट्टा) काढा, त्यासाठी अख्खा माळ भादरायला नको.

राहिली झाडं आणि सोलर. बांध आहेत, ओढ्याकाठ आहे, शाळांची आवारं आहेत. तिथे कडुनिंब, चिंच, करंज खुशाल लावा. आणि सोलरला चिंचोळी एमआयडीसीतल्या शेडांची छपरं आहेत की.