भरल्या पोटी कोण बोलतंय?

उद्योजकाच्या सुखावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचली ती राग उगाच आलाय का ते बघायला. उगाच नव्हता.

तुम्ही लिहिलंत: “उद्योजकाचं सुख उदारपणात आणि न्यायाने वागण्यात आहे, हे भरल्या पोटी सुचणारं तत्त्वज्ञान. धंदा चालला की माणूस सुखी होतो, मग देतो. तुम्ही उलटं सांगता. शिवाय २००८ च्या प्रयोगातली रक्कम चुकलीत, आणि त्यात उद्योजक नव्हतेच.”

रक्कम चुकली, कबूल. त्या प्रयोगात लोकांना सकाळी पैशांचं पाकीट दिलं होतं; काहींना ते स्वतःवर खर्चायचं होतं, काहींना दुसऱ्यावर. सगळ्यांना २० डॉलर नव्हते, काहींना ५ होते. दुरुस्ती केली, आभार. पण पाकिटात ५ असोत की २०, ज्यांना दुसऱ्यावर खर्चायला सांगितलं ते संध्याकाळी जास्त खूश होते. उद्योजक नव्हते म्हणता? बरं. उद्योजक काय वेगळ्या मातीचे असतात?

आता ते ‘भरलं पोट’. (तुमच्या सुरात ‘चला, शिकवा आम्हाला’ असाही एक वास होता, तो सोडून देतो.) माझं पोट कधी भरलं होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? माझ्या धंद्याच्या तिसऱ्या वर्षी सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने सहा महिने बिल थकवलं. हाताखाली चार माणसं. त्या सहा महिन्यांत मी घरी एक पैसा नेला नाही, चौघांचे पगार मात्र तारखेला झाले. घरात बोलणं जवळपास बंद होतं. तरी पाठ टेकली की झोप लागायची. त्याच्या आदल्या वर्षी नफा उत्तम होता, आणि करारातल्या एका कलमावर बोट ठेवून मी भागीदाराचा वाटा कापला होता. कायद्याने चोख. तेव्हा रात्र रात्र छताकडे बघत पडायचो. सांगा आता, पोट कुठल्या वर्षी भरलेलं होतं?

आणि न्याय ही चैन वाटत असेल, तर १९८२ पासून खेळला जाणारा वाटणीचा खेळ बघा. एकाने रक्कम कशी वाटायची ते सुचवायचं. दुसऱ्याने नाकारलं तर दोघांनाही शून्य. पाचव्या हिश्श्याहून कमी पुढे केलं की पुष्कळजण हातचे पैसे सोडून नाही म्हणतात. तीही भरल्या पोटाची माणसं का?

आधी सुख की आधी देणं, याचं उत्तर मूळ लेखात आहे. वाचायचे कष्ट घ्यावेत.

भागीदाराचं म्हणाल, तर दोन वर्षांनी फरकाची रक्कम व्याजासकट नेऊन दिली. त्याने ती मोजून घेतली, पावती दिली आणि दार लावून घेतलं.